आबांची भूल

रावेरकडचे आबा, वय ७४, केळीचे बागायतदार. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ, हिमोग्लोबिन ८. गावच्या डॉक्टरांनी सहा महिने ताकदीच्या बाटल्या लावल्या. रक्त जातंय कुठे, हे एकदाही पाहिलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे, भूलतज्ज्ञाकडे, आला. "साहेब, गॅसच्या भुलीने कॅन्सर परत येतो म्हणतात. आबांना शिरेतलीच द्या." अगदीच थाप नव्हती ती. २०१६ मध्ये लंडनमधल्या सात हजारांवर रुग्णांच्या जुन्या नोंदींत प्रोपोफॉलवाले, म्हणजे शिरेतली भूल घेतलेले, जास्त जगलेले दिसले होते. पण कुणाला काय द्यायचं, हे तिथे भूलतज्ज्ञांनीच ठरवलेलं, त्यामुळे श्रेय औषधाचंच असं म्हणता येत नव्हतं. मी "देतो" म्हणालो.

सकाळी सिरिंज पंप, शिरेतलं औषध ठरल्या वेगाने सोडणारं यंत्र, सुरूच होईना. तीनदा लेखी तक्रार केली होती. दुसरा पंप आयसीयूत अडकलेला. थेंब मोजत तीन तास प्रोपोफॉल चालवायचं, तेही या वयात? माझी छाती नाही. सर्जन हात धुऊन तयार. "झोपव रे, म्हाताऱ्याला लागतं किती!"

तिथेच तर गोम असते. या वयात औषध हातातून मेंदूपर्यंत सावकाश पोचतं. डोळे मिटत नाहीत म्हणून घाईने आणखी ढकललं, की मिनिटाभरात बीपी कोसळतं. ६० किलोच्या आबांना फक्त झोपवण्यापुरतं प्रोपोफॉल ६० मिलिग्रॅम, तेही थांबत थांबत. "डॉक्टरसाहेब, मी उठसू ना?" विचारता विचारताच झोपले. पुढे सेव्होफ्लुरेन, म्हणजे गॅसचीच भूल. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना त्याची गरज साधारण ६ टक्क्यांनी घटते, म्हणून गॅसचं प्रमाण ठरवणारी चकती तरुणाला ठेवतो त्याच्या बरीच खाली. बीपी शेवटपर्यंत हललं नाही. आबा उठले, मुलाला नावाने हाक मारली. इतकी सुरेख भूल मी क्वचित दिली असेन.

मुलाला मात्र बोललो नाही. त्यानेही विचारलं नाही. भूलवाल्याला नंतर कोण विचारतं?

२०२३ मध्ये चीनमधल्या चाचणीचे निकाल आले. ६५ ते ९० वयाचे, कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनचे १२२८ रुग्ण. प्रोपोफॉल की सेव्होफ्लुरेन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. पुढच्या काही वर्षांत जगण्या-मरण्यात फरक दिसला नाही. वाचून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही.

गेल्या वर्षी आबांच्या यकृतात गाठी निघाल्या. मुलगा ओपीडीबाहेर भेटला. "तेव्हा शिरेतलीच दिली होती ना, साहेब?"

खरं ते सांगितलं. चाचणीही समजावली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"पंप बिघडला होता," एवढंच म्हणालो.