डीसीएसच्या पोटात काय दडलंय? – माझा अनुभव

आमचा कारखाना रायगड जिल्ह्यातला, रसायनांचा. डीसीएस, म्हणजे सगळा प्लांट चालवणारी संगणकीय कंट्रोल सिस्टीम, जुनी; ऑपरेटर स्टेशनं विंडोज एक्सपीवर चालणारी, आणि एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2014 मध्येच बंद केलेला. सिस्टीम बदलायचं ठरलं तेव्हा नव्या पुरवठादाराने पहिलंच विचारलं, "आत्ता यात काय काय आहे?" आय-ओ लिस्ट (सिस्टीमला जोडलेल्या सिग्नलांची यादी) एक्सेलमध्ये, लूप ड्रॉइंग (एकेका उपकरणाच्या वायरिंगचे नकाशे) कपाटात, पी अँड आयडीवर (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर) लाल पेनाच्या खुणा; आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ नाही. म्हणून आधी डॉक्युमेंटेशन आणि अलार्म मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर आलं. इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

सॉफ्टवेअर डीसीएसचं सगळं कॉन्फिगरेशन वाचतं. टॅग, म्हणजे एखाद्या उपकरणाचा किंवा सिग्नलचा ओळख क्रमांक, टाइप केला की तो कुठल्या लॉजिकमध्ये, कुठल्या ग्राफिकवर, कुठल्या ट्रेंडमध्ये आहे ते एका जागी दिसतं. कधीच काढून टाकलेल्या पंपाचे टॅग लॉजिकमध्ये तसेच लोंबकळत होते. शिवाय रोज रात्री ते एक प्रत घेतं आणि कालच्याशी ताडून पाहतं. आयटीवाल्यांशी फायरवॉलवरून वाद झाला तो वेगळा. शेवटी सर्व्हर ऑफिस आणि डीसीएस यांच्या मधल्या नेटवर्कमध्ये बसला, डीसीएसमधून फक्त वाचणारा, लिहिण्याची मुभा नसलेला. ते योग्यच झालं.

मग अलार्म. आयएसए 18.2 हे अलार्म व्यवस्थापनाचं मानक सांगतं की एका ऑपरेटरला दिवसाला 150 अलार्म चालतात, 300 म्हणजे हद्द. आमचा आकडा हजारांत. हूटरच्या तोंडावर कुणीतरी काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली होती आणि पॅनेलवरचा माणूस स्क्रीनकडे न बघता अ‍ॅक्नॉलेजचं बटण दाबायचा. मला त्याचं नवल वाटलं नाही. त्या खुर्चीत मी बसलो असतो तर टेपचा दुसरा थर दिला असता.

यादी मोठ्यापासून लहान लावली तर निम्म्याहून जास्त गोंगाट मोजक्या टॅगांचा निघाला. एका रिसीव्हरच्या लेव्हलचा हाय अलार्म पंप सुरू होण्याच्या पातळीलाच लावलेला. पाणी हललं की अलार्म यायचा, जायचा, परत यायचा. पाच टक्के डेडबँड (पातळी तेवढी खाली आल्याशिवाय अलार्म जात नाही) आणि साठ सेकंदांचा डिले दिला, टॅग गप्प.

कंडेन्सरच्या व्हेंटच्या, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या उपकरणातून वायू बाहेर पडतो त्या नळीच्या, तापमानाने मात्र डोकं खाल्लं. रोजच्या तुलनेत दिसायचं की हाय लिमिट सकाळी 46 होते आणि रात्री परत 42. मॅनेजर म्हणाले, "कोण छेडछाड करतंय, शोधा." शोधायला काय, नावासकट वेळ समोर होती. पण शिफ्टमध्ये जाऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. मे महिन्यात दुपारी कूलिंग टॉवरचं पाणीच तापलेलं असतं, व्हेंट 42 च्या वर राहतो आणि अलार्म दिवसभर केकाटतो. रात्री पाणी थंड झाल्यावर 46 ला काहीच अर्थ उरत नाही, म्हणून नाईटवाले लिमिट खाली आणतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आम्ही अलार्म व्हेंट आणि कूलिंग पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर लावला. त्या टॅगला नंतर कुणी हात लावला नाही.

प्रायॉरिटी ठरवायच्या बैठका मात्र जिकिरीच्या. आमच्याकडे जवळपास सगळेच अलार्म 'हाय'. मानकाचा अंदाज साधारण 80 टक्के लो, 15 मीडियम, 5 हाय असा. सेफ्टीवाल्यांना एकही खाली आणायचा नव्हता. तेव्हा मी मिलफर्ड हेवनचं प्रकरण मांडलं. वेल्समधल्या त्या रिफायनरीत 24 जुलै 1994 ला स्फोट झाला. एक कंट्रोल व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता, स्क्रीनवर उघडा दिसत होता. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकराएक मिनिटांत दोन ऑपरेटरांवर 275 अलार्म कोसळले होते. त्यानंतर बैठकीत प्रत्येक टॅगला एकच प्रश्न: हा वाजल्यावर ऑपरेटरने करायचं काय? उत्तर आलं नाही तर अलार्म काढायचा, नुसती इव्हेंट म्हणून नोंद ठेवायची. 'लक्ष ठेवायचं' हे उत्तर धरायचं नाही, यावर मी अडून बसलो.

सॉफ्टवेअरमध्ये 'कारण' नावाचा रकाना असतो. मूल्य, तारीख, लॉजिक ते आपोआप भरतं. हा रकाना रिकामा राहतो. फीड पंपाच्या लो-फ्लो ट्रिपवर (प्रवाह कमी झाला की पंप आपोआप बंद होतो त्यावर) 12 सेकंदांचा टायमर होता, कागदावर त्याचा मागमूस नाही. आमचा नवीन ट्रेनी तो काढायच्या मागे. जुनी शिफ्ट लॉगबुकं चाळली तेव्हा एका पानावर सापडलं: 'ए वरून बी पंप घेताना फ्लो पडून ट्रिप. इन्स्ट्रु.ने टाइम वाढवला.' टायमर राहिला, ती ओळ रकान्यात गेली. देवनागरी भरली तर नुसती प्रश्नचिन्हं उमटायची, म्हणून रोमनमध्ये.

आता बदलाच्या फॉर्मला सॉफ्टवेअरची आधी-नंतरची प्रिंट जोडल्याशिवाय सही होत नाही. चिलर आणि बॉयलर अजून बाहेरच आहेत. त्यांचे पीएलसी (मशीनचे स्वतंत्र छोटे कंट्रोलर) वेगळे, प्रोग्रॅमला पासवर्ड, आणि तो देणाऱ्या कंत्राटदाराचा फोन लागत नाही. त्यांची सेटिंग्ज दर शटडाऊनला मी पॅनेलसमोर उभा राहून एक्सेलमध्ये उतरवून घेतो.