कोर्स लावला, पोरानं सोडला. पुन्हा पाठवायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो: ‘शाळा सुटून दीड वर्ष झालं. खटपट करून कोर्सला घातला, तर तिसऱ्या आठवड्यात तोही सोडला. आता पुन्हा पाठवायचं का, आणि पाठवायचं तर कुठल्या कोर्सला?’ विचारणारे कधी पालक असतात, कधी शिक्षक, कधी एखादं केंद्र चालवणारे. पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर हो, पाठवायचं. दुसऱ्या अर्ध्यात गफलत आहे. वायरिंग, शिवण की सुतारकाम, यावर पोर टिकणं फारसं ठरत नाही. ते ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी तिथली माणसं काय करतात, यावर पुष्कळ ठरतं.

आधी सुटलं का, ते पाहू. ‘अभ्यासात रस नाही’ हे कारण ऐकलं की आम्ही ते बाजूला ठेवतो आणि आधी डोळे-कान तपासायला सांगतो. सहा मीटरवरचा तक्ता वाचता येतो का, सुईत दोरा ओवता येतो का, पाठीमागून हळू हाक मारली तर मान वळते का? ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण कुणाला डॉक्टरांकडे पाठवायचं ते एवढ्यावर कळतं. फळा दिसत नव्हता म्हणून मागच्या बाकावर गेलेलं पोर सगळ्यांच्या लेखी ‘टवाळ’ झालेलं असतं. बाकीची कारणं घराकडे जातात: धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं, रात्री काम असतं, शाळेत कुणीतरी सतत छळत असतं, किंवा सुधारगृहातून परत आल्यावर वर्गात बसायची लाज वाटत असते. या प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. रात्री दोनपर्यंत काम करणाऱ्याला सकाळी आठच्या बॅचला घालून नंतर ‘आळशी’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

म्हणून पहिल्या भेटीत ‘शाळा का सोडलीस?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचं पाठ केलेलं उत्तर पोराकडे तयार असतं. त्याऐवजी विचारावं: उठतोस किती वाजता, सकाळी घरी कोण असतं, इथवर यायला किती वेळ लागतो, आजवर हातानं काय काय उघडून पाहिलंस? वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. समोरासमोर टेबलाशी बसण्यापेक्षा शेजारी उभं राहून, हातात काहीतरी काम देऊन बोललेलं बरं. लेखी चाचणी तर त्या दिवशी अजिबात नको. डब्यावरची सूचना वाचायला सांगा, टेपनं टेबल मोजायला सांगा. वाचन आणि अंकज्ञान कुठवर आहे ते दहा मिनिटांत कळतं, आणि परीक्षा झाली हे पोराला कळतही नाही.

पहिल्या दिवशीचा जॉब, म्हणजे हातानं करून पाहायचं काम, दोन तासांत पूर्ण व्हायला हवा. वायरिंगच्या बॅचला आमची पसंती जिन्याच्या दिव्याला: दोन टू-वे स्विच (वरून-खालून, दोन्हीकडून एकच दिवा लावता-विझवता येणारे), एक दिवा, हातभर फळी आणि बारा व्होल्टची बॅटरी. घरातल्या विजेला हात लावायचा नाही. बॅटरीवर झटक्याची भीती नाही, मात्र दोन टोकं थेट जुळून तार तापू नये म्हणून बॅटरीलगत एक फ्यूज टाकायचा. पुरवठा पहिल्या स्विचच्या कॉमनला, म्हणजे तीन टोकांपैकी सामाईक टोकाला, दोन्ही स्विचच्या उरलेल्या टोकांमध्ये दोन तारा, आणि दुसऱ्या स्विचच्या कॉमनमधून दिव्याला. नेहमीची चूक एकच. कॉमन न ओळखता तारा जोडल्या जातात आणि मग एक स्विच विशिष्ट बाजूला असेल तरच दुसरा चालतो. इथे प्रशिक्षकानं तोंड उघडू नये. मल्टिमीटर, म्हणजे विजेचं मोजयंत्र, बझरवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतं त्या खुणेवर) ठेवून हातात द्यावा आणि स्विच दाबत कुठलं टोक कायम सामाईक राहतं ते शोधू द्यावं. चूक दिवा सांगतो, माणूस सांगत नाही. ज्याला दहा वर्षं माणसांनीच ‘चुकलं’ म्हणून ऐकवलंय, त्याच्यासाठी हा फरक मोठा असतो.

पहिले दोन आठवडे आठ-दहा जणांची तुकडी, दोन मोठी माणसं, आठवड्यातून तीन दिवस आणि दिवसाला तीन तास पुरे. पहिल्याच दिवसापासून आठ तासांचा रेटा लावणारी केंद्रं शिस्तीच्या नावाखाली पोरं घालवतात. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट: हत्यारांचा फळा. प्रत्येक पक्कड, पाना, गुण्या, पटाशी यांची आकृती मागे रंगवलेली असावी. सुटायच्या पाच मिनिटं आधी सगळ्यांनी फळा भरायचा. रिकामी आकृती दिसली की सगळे मिळून शोधतात. असा फळा नसेल तर पक्कड हरवल्यावर नजर नेमकी ज्याचं नाव आधीच खराब आहे त्याच्याकडे वळते, आणि दुसऱ्या दिवशी तो येत नाही. पक्कड बहुतेक वेळा फळीखालीच सापडते.

आता गैरहजेरी. वर्ग सुरू होऊन अर्धा तास झाला आणि पोर आलं नाही, की त्याच सकाळी फोन गेला पाहिजे, तोही ओळखीच्या माणसाचा. वाक्य साधं असावं: ‘तुझा जॉब टेबलावर आहे, उद्या ठेवू का?’ कारण विचारायचं नाही, पालकांना सांगेन असा धाक नाही. फोन लागला नाही तर संध्याकाळी एक निरोप. सलग तिसऱ्या दिवशी घरी जायचं, तेही दोघांनी मिळून, उंबऱ्याबाहेर उभं राहून, दहा मिनिटांत निघायचं. आठवड्यानं एकदा आलेल्या फोनचा उपयोग होत नाही. तोवर पोरानं मनात हिशेब करून टाकलेला असतो की आता गेलो तर सगळ्यांसमोर विचारतील. कित्येक जण एका दिवसाच्या खाड्यासाठी नव्हे, तर त्या खाड्याच्या लाजेपायी कायमचे सुटतात.

म्हणून प्रत्येकाच्या नावाचा ट्रे हवा, आणि अर्धवट जॉब त्यातच राहायला हवा. परत आलेल्याला तो ट्रे हातात द्यायचा, बाकी काही बोलायचं ते नंतर, एकट्यात. कोर्सची बांधणीही तशीच लागते. वर्षभराचा सलग अभ्यासक्रम असेल तर तीन आठवडे बुडालेला मुलगा वर्षच बुडालं असं समजतो. दोन-तीन आठवड्यांचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळी ठेवा, आणि कुठल्याही सोमवारी आत येता येईल असं ठेवा. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या उत्पादन शाळांनी हेच केलं: वर्षभर कधीही प्रवेश, आणि कार्यशाळेत खऱ्या गिऱ्हाइकांसाठी खरं काम. २०१९ मध्ये त्या नव्या पूर्वतयारी शिक्षणव्यवस्थेत विलीन झाल्या, पण कार्यशाळेतून शिक्षणाकडे ही वाट तिथे राहिली.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नवलाई ओसरते. कानस चालवून चालवून हात दुखतात, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी ‘थिअरी’ नावाचा तास सुरू करतं. थिअरीसाठी वेगळी खोली असूच नये असं आमचं ठाम मत आहे. गणित जॉबमध्येच असतं. शिवणाच्या बॅचला पूर्ण घेराचा स्कर्ट द्या. कंबर ६६ सेंटीमीटर. भागिले ६.२८ (पायची दुप्पट), त्रिज्या साडेदहा. बहुतेक जणी साडेदहावर कापतात, एक सेंटीमीटर शिलाई धरून पट्टा जोडायला घेतात आणि स्कर्ट ढगळ होतो. का? शिलाई आत गेली की खरं वर्तुळ साडेअकराच्या त्रिज्येवर येतं, म्हणजे परीघ ७२ च्या वर. कापायचं होतं साडेनऊवर. अर्ध्या घेराला भागाकार ३.१४ नं, त्रिज्या २१. तिथे चुकून ६.२८ धरला तर कंबर निम्मीच भरते. पायची किंमत फळ्यावर शंभर वेळा लिहून जे डोक्यात गेलं नाही, ते एका वाया गेलेल्या कापडानं जातं. मात्र कापड रद्दीचं हवं, आणि वाया गेल्यावर बोलणी बसता कामा नयेत. सुताराच्या बॅचला काटकोन तपासायचा तो ६०, ८० आणि १०० सेंटीमीटरनं. पायथागोरसचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

दुसरी गळती पैशांपायी होते. हात थोडा बसला की कुणीतरी रोजंदारीवर बोलावतं, आणि घरात पैशांची निकड असेल तर त्या पोराला दोष देता येत नाही. प्रवासखर्च आणि छोटा भत्ता असेल तर तो दर आठवड्याला द्यावा. महिनाअखेरीला मिळणाऱ्या रकमेवर उद्याचं भागत नाही. एका खाड्याला पूर्ण आठवडा कापू नये, तेवढाच दिवस कापावा. काम सुरूच झालं असेल तर संध्याकाळचे किंवा आठवड्यातले दोन दिवसांचे तुकडे ठेवावेत. मालकाकडे पाठवताना मात्र वय पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या करारात धोकादायक कामासाठी किमान वय सर्वसाधारणपणे १८ धरलं आहे. ग्राइंडर, उंचीवरचं काम, वीज चालू असलेली लाइन, यांपासून लहान पोरांना लांब ठेवावं. मालकाकडे कुणा एका माणसाच्या हाती पोर सोपवावं, आणि त्याचा मागचा इतिहास त्या माणसाला सांगू नये. सांगायचं असेल तर ते पोर स्वतः सांगेल.

मुलींबद्दल फार थोडे विचारतात, म्हणून इथेच सांगतो. श्रम संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये जगातल्या १५ ते २४ वयाच्या दर पाचांतला साधारण एक जण शिक्षण, नोकरी वा प्रशिक्षण यांपैकी कशातच नव्हता, आणि अशांपैकी दोन-तृतीयांश मुली होत्या. त्यांना कोर्सपेक्षा वेळ अडवते. अंधार पडायच्या आत सुटणारी बॅच, जवळ मूल ठेवायची सोय, आणि स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, एवढं नसेल तर जाहिरात छापण्यात अर्थ नाही. सगळ्यांना शिवणाला बसवू नये, हेही आहेच. मल्टिमीटरला मुलगा-मुलगी कळत नाही.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात. ‘हजर होता’ एवढंच सांगणाऱ्या कागदाचा उपयोग नाही. काय काय करता येतं ते एकेका कामाच्या नावानिशी लिहिलेलं असावं, आणि त्यावर पुढच्या पातळीला प्रवेश मिळतो का, कोण देतं, हे प्रवेशाआधीच विचारावं. पुढे दार नसलेला कोर्स म्हणजे तिथेही पोर एकदा सुटणार, फक्त वर्षभर उशिरा.

तेव्हा पुन्हा पाठवा. पाठवण्याआधी एकदा त्या केंद्रात आठवड्याच्या मधल्या दिवशी, वर्ग सुरू झाल्यावर तासाभरानं जा. मशिनं कुठली आहेत ते नंतर बघा. आधी विचारा: आज कोण आलं नाही, आणि त्याला फोन कुणी केला?