ऑफिसचा मेल जीमेलवरून हलवताना

सांगलीत विश्रामबागला माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे अडते, काही कोल्ड स्टोरेजवाले, असे क्लायंट. बिलांचे फोटो, बँक स्टेटमेंट सगळं मेलवर येतं. जीमेलची फुकटातली 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, ती भरत आली. जास्तीची जागा विकत घेता आली असती. पण पैसे मोजायचेच तर पत्ता तरी आपल्या नावाचा असावा, म्हणून ऑफिसच्या नावाचं डॉट इन डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, घेतलं.

सेवा कुणाची घ्यायची यावर बराच खल झाला. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचं एन्क्रिप्शन (मेल दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून केलेलं कुलूप) चांगलं, पण थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये मेल बघायचा तर त्यांचं ब्रिज नावाचं सॉफ्टवेअर चालू ठेवावं लागतं, आणि त्यांचं कॅलेंडर कॅलडॅव्हवर, म्हणजे इतर अ‍ॅपशी कॅलेंडर जुळवायच्या सर्वमान्य पद्धतीवर, चालत नाही. शेवटी चेन्नईच्या झोहोचा पैसे भरायचा प्लॅन घेतला. गूगलसारखी तीही काही लहान कंपनी नव्हे. पण बिल रुपयांत, त्यावर आपला जीएसटी नंबर, म्हणजे इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला अजून काय हवं!

डोमेनच्या सेटिंगमध्ये एमएक्स नोंदी (मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचा ते सांगणाऱ्या) बदलल्या की मेल नव्या ठिकाणी यायला लागतो. एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी मात्र त्याच बैठकीत करून घ्या, नाहीतर तुमचा मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडेल.

जुना मेल टेकआउटमधून (गूगलची आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) एमबॉक्स या मेल साठवायच्या फाइलमध्ये उतरवला, तो बॅकअप. प्रत्यक्ष हलवाहलव थंडरबर्डमध्ये दोन्ही खाती आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल प्रोग्रॅममध्ये फोल्डरवार दाखवायची पद्धत) जोडून केली. इथे एक गोम आहे. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलला ‘जीएसटी’ आणि ‘अडत’ अशी दोन लेबलं असली की आयमॅपमध्ये तो दोन्ही फोल्डरांत दिसतो, शिवाय सगळे मेल एकत्र दाखवणाऱ्या ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. तसंच ओढून नेलं तर तिप्पट पसारा. जीमेलच्या लेबल सेटिंगमध्ये ‘शो इन आयमॅप’ची खूण असते. ऑल मेलची खूण काढली, नको ती लेबलंही लपवली, मगच मेल ओढले.

कॅलेंडरचं काम त्यामानाने किरकोळ. टीडीएस भरायची 7 तारीख, जीएसटीच्या जीएसटीआर-1 रिटर्नची 11, जीएसटीआर-थ्रीबी रिटर्नची 20, या दरमहाच्या नोंदी आयसीएस या कॅलेंडरच्या फाइलमधून जशाच्या तशा आल्या. (सरकार मुदत वाढवतं तेव्हा हातानेच बदलायचं, ते कुठल्याच कॅलेंडरला चुकत नाही.) कोणाला काय दिसावं याची परवानगी त्या फाइलमध्ये नसते, ती पुन्हा द्यावी लागली. फोनवर हेच कॅलेंडर दिसावं म्हणून अँड्रॉइडमध्ये डॅव्हएक्स-फाइव्ह हे कॅलडॅव्हचं अ‍ॅप टाकलं, एफ-ड्रॉइड या अ‍ॅप मिळायच्या ठिकाणी ते फुकट मिळतं.

खरा घाम काढला तो पोर्टलांनी. आमच्याकडे सर्रास चालतं ते असं, की क्लायंटच्या जीएसटी नोंदणीत ईमेल सल्लागाराचा. म्हणजे माझा जीमेल माझा एकट्याचा नव्हताच, अर्ध्या यार्डाचा होता. तो बदलायचा तर प्रत्येकाच्या लॉगिनमधून नॉन-कोअर अमेंडमेंट (नोंदणीतल्या किरकोळ तपशिलाच्या बदलाचा अर्ज), नव्या मेलवर ओटीपी, शेवटी सही करताना पुन्हा ओटीपी, आणि त्यासाठी मालक फोनवर हजर पाहिजे. सौद्याच्या वेळी कोण फोन उचलतंय! निम्म्यांना म्हटलं, आता या निमित्ताने तुमचाच मेल टाकू. एका अडत्याने तिथंच हात जोडले, “सायेब, मला कुठं मेल बघाय येतोय? तुमचाच असूदे की.” मग नवा पत्ता टाकला, पण माझा वैयक्तिक नाही. डोमेनवर नोंदणीपुरता वेगळा पत्ता काढला. उद्या झोहोही सोडायचं ठरलं तरी क्लायंटच्या कागदाला हात लावावा लागणार नाही.

जुन्या खात्यातून फॉरवर्डिंग चालू ठेवलंय. तिकडून येणारा मेल इकडे ‘जुना पत्ता’ या फोल्डरमध्ये पडतो. त्यात जो दिसेल त्याच्याकडे बदल राहिलाय, इतकं सोपं. विमा कंपनी आणि मुलीची शाळा अजून तिथेच आहेत.

गूगल पूर्ण सुटलेलं नाही. प्ले स्टोअरला ते खातं लागतंच, आणि डोमेन जिथून घेतलं तिथल्या लॉगिनलाही मी जाणूनबुजून जुना जीमेलच दिलाय. डोमेनची मुदत संपली तर त्यावरचा मेल बंद पडणार, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच मेलवर आली तर ती वाचणार कोण?