राजाची खुर्ची

विद्यापीठाच्या नाट्यविभागाचे नव्या हंगामाचे पत्रक एखाद्या दुपारी हाती पडले, की लोक नाटकांची नावे आणि तारखा पाहतात. मी मात्र मनातल्या मनात सामानसुमानाची जुळवाजुळव करू लागतो. एक ग्रीक शोकांतिका, एक शेक्सपिअर, मग इब्सेन आणि शेवटी धावपळीचा फार्स असा बेत असेल, तर यंदा दरवाजाचे हाल होणार हे मला लगेच कळते. आपटला तरी भोवतालची कापडी भिंत थरथरणार नाही, असा भक्कम चौकटीचा दरवाजा विभागाकडे बहुधा एकच असतो. इब्सेनच्या १८७९ मधल्या ‘अ डॉल्स हाउस’मध्ये नोरा घर सोडते तेव्हा दार लागल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो, म्हणजे तिथे तो विंगेत उभा राहून एकदाच वाजला की सुटला, पण फार्समध्ये त्याला रात्रभर उसंत नसते.

ही खोड जुनी आहे. लहानपणी मावशीने मला अशाच एका विभागाच्या शोकांतिकेला नेले होते. त्यात एक राजा उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या बसल्या मेला, आणि मरताना त्याचा हात खुर्चीच्या कोरीव दांडीवरून घसरत खाली आला. पुढच्या नाटकात तीच खुर्ची लाल कापड घालून एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात अवतरली. कापडाने दांडीवरचे कोरीवकाम काही झाकले नव्हते. प्रेक्षागृह खदखदून हसत होते आणि मी भीतीने आकसून गेलो होतो, कारण त्या खुर्चीत बसणारा मरतो अशी माझी पक्की समजूत होती. अखेर मी मोठ्याने त्या व्यापाऱ्याला ‘उठा!’ असे सांगितले. मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला. व्यापारी मात्र, का कोण जाणे, खरोखरच उठला.

अशा हंगामातली नाटके एकमेकांशेजारी विचित्र दिसतात, याचे कारण ती प्रेक्षकांसाठी निवडलेली नसतात. कोणाला काय शिकायचे राहिले आहे, यावर ती ठरतात. सोफोक्लीसच्या कोरसमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहात, पंधरा जण असत, त्यामुळे ग्रीक नाटक घेतले की जवळजवळ अख्खा वर्ग रंगमंचावर उभा राहतो. शेक्सपिअरच्या काळी स्त्रियांची कामे मुलगे करीत आणि ती मुळात थोडीच असत. वर्गात मुली जास्त असल्या की दरबारातले निम्मे सरदार स्त्रिया होतात, आणि त्यात काही बिघडत नाही. शिवणकाम शिकणाऱ्यांना हात चालवायला मिळावा म्हणून एखादे नाटक जुन्या पोशाखांचे हवे असते. आपण एका चालू कार्यशाळेत तिकीट काढून बसलेलो असतो, इतकेच. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर विद्यार्थ्यांची नाटके बसवीत, तेव्हा निमंत्रित प्रेक्षकांना लेखी अभिप्राय द्यावा लागे. पुढे नाटककार म्हणून गाजलेला युजीन ओनील १९१४-१५ मध्ये त्यांच्याच वर्गात होता. त्या प्रेक्षकांत मी असतो तर माझा कागद खुर्च्यांच्या वर्णनानेच भरला असता.

वयाचे नाटक मात्र मला सोसवत नाही. शेक्सपिअरचा राजा लिअर आपण ऐंशी ओलांडल्याचे स्वतःच सांगतो. ते शब्द पुरेसे असताना विशीतल्या मुलाच्या केसांत पांढरी पावडर कशाला भरायची? त्याने रागाने मान झटकली की प्रकाशाच्या झोतात ढग उठतो आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना खोकला येतो. केस काळेच राहू द्यावेत. मूल गेलेल्या बापाचा आवाज त्याला सापडला, तर केसांकडे कोण पाहतो?

शेवटचा प्रयोग संपला की त्याच रात्री सेट उतरवतात. दुपारपर्यंत ज्यांना हात लावायलाही मुले कचरत होती, त्या भिंतींचे स्क्रू तीच मुले मध्यरात्री, अर्धवट पुसलेल्या रंगभूषेत, काढत बसतात. फ्लॅटवर, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या भिंतीवर, पुढच्या नाटकासाठी नवा रंग चढतो. असे थरावर थर साचून कापड जड आणि कडक झाले, की ते फाडून नवे ताणतात. चौकट तशीच राहते. सामान वर्षानुवर्षे टिकते आणि नट तीनचार वर्षांत निघून जातात, हा या रंगभूमीचा उलटा हिशेब आहे. त्यांतले बहुतेक जण पुन्हा कधीच रंगमंचावर उभे राहत नाहीत आणि पुष्कळांना शेवटच्या प्रयोगाच्या वेळी ते ठाऊकही असते. तरीही लिअर झालेला मुलगा मेलेल्या लेकीला, कॉर्डेलियाला, दोन्ही हातांवर घेऊन येतो, तेव्हा तिच्या वजनाने त्याचे गुडघे कापत असतात आणि तो तिला खाली ठेवण्याची घाई करीत नाही. पुढे तो कोणत्या कचेरीत बसतो, कशाचे हिशेब करतो, हे कुठे छापून येत नाही. मला ते विचारावेसे वाटते, पण विचारणार कोणाला?