गरम करून दाखवलेली गाडी

गुरुवार, रात्री साडेदहा

आज गाडी इतकी शहाण्यासारखी वागली की मलाच तिचा राग आला. आठ महिने रोज सकाळी दुसरा गिअर टाकला की करकरणारी ही बया, ती विकत घ्यायला आलेल्या त्या मुलाच्या हातात अगदी लोण्यासारखी. पहिला, दुसरा, तिसरा. गोडोलीपर्यंत नेली, वळवून आणली आणि उतरताना म्हणाला, "काकू, गाडी एकदम मेंटेन ठेवलीय." मी हसले. हसायला काय लागतं!

पण झोप उडालीय ती त्याच्या आईमुळे. ती गाडीत बसलीच नाही. मुलगा किल्ली घ्यायला आत आला तेवढ्यात फाटकापाशी उभी होती, सहज बॉनेटवर हात टेकला आणि उचलला. "गरम आहे की." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आत्ताच बाजारातून आले." हातात पिशवी नाही, पायांत घरातल्या सपाता. तिने माझ्या पायांकडे बघितलं की नाही, ते आता आठवत नाही. बघितलं असावं. बायका बघतात.

बाजारात मी गेलेच नव्हते. सकाळी लिंब फाट्यापर्यंत जाऊन आले. एरवी त्या बाजूला जाते ती पाहुण्यांना बारा मोटेची विहीर दाखवायला. आज पाहुणे घरी यायचे होते म्हणून त्यांच्या आधी गाडीला फिरवून आणलं. हा सल्ला मिस्त्रीचा. "पार्टी यायच्या आधी एक चक्कर मारून आणा मॅडम. गरम झाली की वाजत नाय. बोलायचं कशाला आपण? इचारलं तर बघू." मी मान डोलावली. त्याने सांगितलं त्यापेक्षा मी डोलावली त्याचं जास्त वाईट वाटतंय. घोळात घेतल्यासारखी नाही, चांगली विचार करून डोलावली. वर घड्याळही लावून बसले, ते साडेदहाला येणार तर मी किती वाजता निघायचं त्याचा हिशेब करत.

दुखणं तसं साधं आहे. दुसऱ्या गिअरची पितळी रिंग झिजलीय. गिअरची दोन दातेरी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात, त्यांना दात लागायच्या आधी एका वेगावर आणायचं काम त्या रिंगचं. ती झिजली की दातावर दात आपटतात. थंडीत तेल घट्ट, म्हणून सकाळी जास्त. वरच्या गिअरमधून खाली येताना तर विचारू नका. ऑइल बदलून बघितलं, चार दिवस बरी होती. आता गिअरबॉक्स उतरवायचा, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंगसुद्धा, असं करत करत 26,000. गाडीचे ठरलेत 1,35,000. गाडी 2012 ची, म्हणजे 2027 ला पंधरा वर्षं होतात. पुन्हा आरटीओत न्यायची, फिटनेस, फी, वर पर्यावरण कर. नंदूने फोनवर हा सगळा हिशेब दोन मिनिटांत केला आणि म्हणाला, "विकून टाक ना, रिक्षा आहेत की." साताऱ्यात रिक्षा आहेत हे त्याने मला पुण्यातून सांगितलं.

हो, आहेत. पण रात्री नऊला राजवाड्यावरून घरी यायला रिक्षा बघत उभं राहणं त्याला माहीत नाही. ह्यांचं सगळं ते दीड वर्ष त्याच गाडीतून झालं, तेही त्याला… जाऊ दे.

संध्याकाळी बसल्या बसल्या फार वाईट वाटलं. सगळ्यांनी सल्ले द्यायचे आणि खोटं बोलायची वेळ आली की मी एकटी फाटकापाशी. बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले तेव्हा गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या, खऱ्या की टिंगलीच्या ते आजवर कळलं नाही. यवतेश्वराच्या चढाला दुसऱ्यावर गाडी घेताना पहिल्यांदा बंद पडली, मागे सहा गाड्या, आणि मी हँडब्रेक ओढून रडले. त्या दुसऱ्यावर केवढी चढण झाली नंतर! कास, ठोसेघर. पुण्याला जाताना बोगदा आहे, पण येताना खंबाटकी चढावीच लागायची. झिजणारच तो बिचारा.

हे सगळं त्या मुलाला सांगता आलं असतं. त्याने विचारलंही होतं, "काकू, का विकताय?" मी म्हटलं, "आता वापर नाही रे." आणि गाडी सकाळीच पंचवीस किलोमीटर पळून आलेली, बाहेर उभी, गरम.

"गरम आहे की."

कसं म्हणाली ती? पुन्हा पुन्हा म्हणून बघतेय. "गरम आहे की" म्हणजे नुसतं चटका बसल्यावर म्हणतात तसं? की "कळलं हो आम्हाला" असं? कोरेगावकडची माणसं, तोंडावर बोलत नाहीत. पण कळलं असतं तर मुलाला 5,000 इसार देऊ दिला असता का? का दिला असेल? का नाही थांबवलं?

माईच्या लग्नाच्या वेळी तिला बघायला आले होते तेव्हा गोळ्यांची डबी फडताळात वर, लोणच्याच्या बरणीमागे ठेवली होती. मी दहावीत. चहाचा ट्रे मीच नेला. त्या बाईनेही माईच्या कपाळाला हात लावून काहीतरी म्हटलं होतं. काय म्हटलं ते माईला आठवतं, मला नाही. हे इथे नको.

भाऊ असते तर त्यांनी गाडी विकायचा प्रश्नच येऊ दिला नसता. एसटीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, जुन्या गाड्यांच्या बॉक्समध्ये असली रिंगबिंग नव्हतीच. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग टाकायचा. डबल क्लच. मला सुरुवातीला तेच शिकवलं, आणि मी म्हणायचे, भाऊ, आता असं कुणी करत नाही. गेले आठ महिने मी रोज तेच करतेय. घरापासून पोवई नाक्यापर्यंत डाव्या पायाची नुसती कसरत. पण वाजत नाही हो तसं केलं की. दहात दोनदा वाजतो. तर मग गाडी खराब म्हणायची की चालवणाऱ्याला येत नाही म्हणायचं? (हा प्रश्न मिस्त्रीला विचारला होता. तो म्हणाला, "दोन्ही." आणि चहा मागवला.)

आता लिहिता लिहिता थोडं हसू येतंय. सकाळी पलंगावरून उठताना माझे गुडघे काय वेगळं करतात? मोरीपर्यंत जाईस्तोवर कटकट, मग दिवसभर ठीक. मलासुद्धा कुणाला दाखवायचं झालं तर अकरानंतरच दाखवावं. आणि 26,000 काय, गुडघ्याचा आकडा ऐकल्यावर तर तो स्वस्तच वाटतो.

इसाराचे पैसे डाळीच्या डब्यात ठेवलेत. कपाटात ठेवायचं मन होईना. मुलगा रविवारी बाकीचे पैसे आणि गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30 घेऊन येणार. सह्या करायच्या आणि किल्ली द्यायची. पुढच्या थंडीत सकाळी कोरेगावात तो दुसरा टाकेल आणि त्याची आई अंगणातून ऐकेल.

बिनबोभाट सौदा मोडावा म्हणून सहा कारणं शोधून झाली. नंदूला गाडी हवीय, कागद सापडत नाहीत वगैरे. म्हणजे एक खोटं झाकायला आणखी सहा. आणि ठेवावी तरी 26,000 आहेतच. ठेवायची की द्यायची, ते अजून माझं ठरत नाही.

दहा वाजता मुलाला मेसेज टाकला. "रविवारी सकाळी सातला ये. आईंनाही आण. चहा इथेच. मी गाडी आधी काढणार नाही, तूच सुरू कर."

त्याचं उत्तर लगेच आलं. "काकू इतक्या लवकर? थंडी असते. नऊला चालेल का?"

मी लिहिलं, "नाही. सातच."

दोन निळ्या रेघा आल्यात. उत्तर नाही अजून. शेजारी आईला विचारत असेल.