नॉर्थविक पार्क आणि लॉकरची दुसरी किल्ली

लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर वेम्बली पार्कच्या पुढचं दुसरं स्टेशन नॉर्थविक पार्क. स्टेशनला लागूनच मोठं सरकारी इस्पितळ आहे. इम्युनॉलॉजी शिकायला इकडे येणाऱ्यांनी टी पेशींचं (शरीराच्या लढाऊ पांढऱ्या पेशींचं) सहउद्दीपन, म्हणजे त्यांना जागं करायला लागणारा दुसरा इशारा, समजून घ्यायची सुरुवात इथूनच करावी.

टी पेशी म्हणजे बँकेचा लॉकर. एक किल्ली तिच्या ग्राहीची, म्हणजे जंतूचा तुकडा ओळखण्याची. दुसरी सीडी२८ या रेणूची. ती फिरते समोरच्या डेंड्रायटिक पेशीवरच्या (जंतूचा तुकडा टी पेशीला दाखवणाऱ्या पेशीवरच्या) सीडी८० आणि सीडी८६ या रेणूंमुळे, आणि संसर्गाची चाहूल लागल्याशिवाय डेंड्रायटिक पेशी हे दोन्ही फारसे बाहेर काढत नाही. एकच किल्ली लावली तर लॉकर नुसता बंद राहतो. टी पेशीचं मात्र कुलूपच गंजतं. पुढे दोन्ही किल्ल्या आल्या तरी ती ढिम्म राहते. आपलं शरीर स्वतःवरच उलटत नाही, त्यामागे ही सोयही आहे.

टीजीएन१४१२ हे औषध म्हणून बनवलेलं प्रतिपिंड (नेमक्या एका रेणूला चिकटणारं प्रथिन) सीडी२८ ला चिकटून नुसत्या दुसऱ्या किल्लीने लॉकर उघडायचं. १३ मार्च २००६ रोजी याच इस्पितळाच्या आवारात औषधाच्या चाचणीत सहा निरोगी तरुणांना ते टोचलं, दोघांना नुसतं द्रावण. डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, माकडांनी पचवलेल्या डोसच्या पाचशेवा हिस्सा. दीड तासाच्या आत डोकेदुखी, ताप, रक्तदाब खाली. सहाही जण अतिदक्षता विभागात. सगळे वाचले, पण एकामागोमाग एक अवयव बंद पडत गेल्यावर.

माकडं का वाचली? त्यांच्या अनुभवी (आधी जंतू भेटलेल्या) सीडी४ प्रकारच्या टी पेशींवर सीडी२८ नसतोच, माणसाच्या असतो. आणि मानवी पेशींवरच्या आधीच्या चाचणीत परीक्षानळी का गप्प बसली? प्रतिपिंड द्रावणात तरंगत होतं. लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार इथल्या सरकारी प्रयोगशाळेत तेच प्रतिपिंड प्लेटच्या तळाशी वाळवून बसवलं, तेव्हा तशाच मानवी पेशींनी सायटोकाइन (दाह पेटवणारी संदेशवाहक प्रथिनं) ओतले. पुढे जर्मनीत वुर्झबुर्गला दिसलं, की रक्तपेशी आधी दोन दिवस मिलिलिटरमागे एक कोटी इतक्या दाटीत ठेवल्या तर द्रावणातलं प्रतिपिंडही त्यांना पेटवतं. रक्तातल्या टी पेशी सुट्या फिरतात, लसीकाग्रंथीत त्या खेटून असतात, फरक तिथलाच.

टी पेशी जाग्या करण्याच्या रोजच्या प्रयोगातही हेच आडवं येतं. प्लेटला सीडी३ (पहिल्या किल्लीचा भाग) विरोधी, म्हणजे त्याला चिकटून किल्ली फिरवणारं, प्रतिपिंड मिलिलिटरमागे १ ते ५ मायक्रोग्रॅम, ४ अंशांवर रात्रभर. मग धुऊन टी पेशी मिलिलिटरमागे दहा लाख, आणि द्रावणात सीडी२८ विरोधी प्रतिपिंड १ ते २ मायक्रोग्रॅम. पेशी जागी झाल्याची खूण असलेला सीडी६९ काही तासांतच वर येतो, तशीच दुसरी खूण सीडी२५ दुसऱ्या दिवसापर्यंत, विभाजन दोन-तीन दिवसांनी. पेशींच्या गुठळ्या दिसल्या नाहीत तर आधी बाटलीचं लेबल वाचा: सोडियम अझाइड असलेलं प्रतिपिंड पेशी मारतं. उलट, सीडी२८ विरोधी प्रतिपिंड न घालताही सगळं पेटलं, तर टी पेशी नीट वेगळ्या झालेल्या नाहीत. मिश्रणात राहिलेल्या मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दुसरी किल्ली गुपचूप पुरवतात. या चुकीत आठवडे जातात.

मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात रुग्णाच्याच टी पेशींना कृत्रिम ग्राही बसवतात; तिथे दुसरी किल्ली सीडी२८ ची नाही, ४-१बीबी या रेणूची आहे आणि ती त्या ग्राहीतच जोडलेली आहे. सीडी२८ झटक्यात भडकतो. ४-१बीबी सावकाश पेटतो, पण पेशी टिकवतो.