आधी चक थांबवा: घरच्या सीएनसी लेथवर ड्रिलिंग युनिट

मी हौसेने दुर्बिणीचे सुटे भाग बनवतो. आयपीस (डोळा लावायचं भिंग) धरणारे कॉलर, फोकसरच्या फ्लँज (होल असलेल्या जोड-चकत्या), ट्यूबच्या रिंगा असं सगळं. चार वर्षांपूर्वी एक छोटा बेंच लेथ (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, फिरवत कापणारं यंत्र) घेतला, त्याला बॉलस्क्रू आणि पायरी-पायरीने फिरणाऱ्या स्टेपर मोटर बसवल्या आणि लिनक्ससीएनसी या संगणक प्रोग्रामवर चालवायला सुरुवात केली. टर्निंग छान व्हायचं, 31.75 मिमीच्या आयपीससाठी 31.80 चा बोअर (आतलं गोल पोकळ माप) सहज मिळायचा. गाडी अडायची ती होल मारताना.

फ्लँजवर 40 मिमी पीसीडीवर (होलच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) सहा होल हवी असली, की जॉब चकातून, म्हणजे त्याला धरून फिरवणाऱ्या जबड्यातून काढायचा, कंपासने वर्तुळ आखायचं, सहा ठिकाणी पंच मारायचा आणि ड्रिल मशीनवर नेऊन होल मारायची. पंच जरा सरकला की ड्रिलही सरकतं. मग एम3 च्या (3 मिमी) स्क्रूसाठी 3.2 ऐवजी 3.8 चं होल करून कसंबसं जुळवून घ्यायचं. वर्षभर मी हेच केलं. इतक्या निगुतीने टर्न केलेला भाग शेवटच्या अर्ध्या तासात बिघडतो, याचा मला मनापासून त्रास व्हायचा. जॉब एकदा चकातून निघाला की त्याचं सेंटर गेलं. म्हणून ठरवलं, की टर्निंग आणि ड्रिलिंग दोन्ही एकाच पकडीत झालं पाहिजे.

कारखान्यांतल्या मशीनवर याला लाइव्ह टूल म्हणतात. टूलच्या जागी स्वतःची मोटर असलेलं ड्रिल बसतं, चक ठरावीक कोनात थांबतो आणि ड्रिल होल मारून मागे येतं. तयार युनिटची किंमत माझ्या अख्ख्या लेथपेक्षा जास्त, तेव्हा घरीच करायचं होतं.

सुरुवात ड्रिलच्या स्पिंडलपासून, म्हणजे ते फिरवणाऱ्या दांड्यापासून केली. ईआर11 कोलेटचा (ड्रिल आवळून धरणारी चिरलेली नळी) 12 मिमी सरळ शँक, म्हणजे दांडा, मागवला. यात 7 मिमीपर्यंतचं ड्रिल बसतं, माझ्या कामाला ते पुरेसं आहे. बेअरिंग 7001 घेतली: अँग्युलर काँटॅक्ट (लांबीच्या दिशेचा दाबही सोसणारी), 12 मिमी आतून, 28 बाहेरून, 8 जाडी. ती पाठीला पाठ लावून बसवायची, बाहेरच्या रिंगांच्या मधे नळी ठेवायची आणि आतल्या रिंगा मागून स्प्लिट कॉलर आणि स्प्रिंग वॉशरने दाबायच्या. पहिल्यांदा मी कॉलर जोर लावून दाबला. दहा मिनिटांत ब्लॉक हाताला चटका देईल इतका तापला. वॉशर अगदी हलके दाबले जातील एवढाच कॉलर सरकवला, तेव्हा काम जमलं.

ब्लॉकचं बोअरिंग मात्र मनासारखं झालं, आणि ज्यांना हे करायचंय त्यांनी ही युक्ती जरूर वापरावी. बेअरिंग धरणारा ॲल्युमिनिअमचा 45 मिमी चौरस ब्लॉक क्रॉस स्लाइडवर (लेथचं टूल आडवं सरकवणाऱ्या भागावर) जिथे कायमचा बसणार तिथेच आवळला. त्यात आधी 20 मिमीचं आरपार होल करून घेतलं होतं. बोअरिंग बार चक आणि टेलस्टॉकच्या (चकासमोरच्या आधाराच्या) सेंटरमध्ये धरला, म्हणजे टूल फिरतं आणि ब्लॉक कॅरेजबरोबर (लांबीत सरकणाऱ्या भागाबरोबर) सरकतो. अशा बोअरची सेंटर हाइट (मध्याची उंची) मोजावीच लागत नाही, कारण ज्या स्पिंडलशी हाइट जुळवायची त्याच स्पिंडलने बोअर केलेला असतो. शेवटचे दोन शतांश मिलिमीटर काढायला पूर्ण संध्याकाळ गेली. टूल बिट अगदी किंचित पुढे घ्यायचं, एक पास मारायचा, बेअरिंग लावून बघायचं. शेवटी अंगठ्याने हलका दाब दिल्यावर बेअरिंग आत सरकलं.

मोटर 775 नंबरची, 12 व्होल्टची, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणली. जीटी2 चा दातेरी पट्टा, मोटरवर 20 दातांची पुली, स्पिंडलवर 40 दातांची. ॲल्युमिनिअममध्ये 3.3 मिमी ड्रिलला मिनिटाला 60 मीटर वेग धरला तर साधारण 5,800 आरपीएम लागतात, आणि बिनभाराची मोटर 12,000 च्या आसपास फिरते. म्हणजे निम्मं केलं की हिशेब बसतो. लोखंडाला 2,400 पुरतात, पण मोटरचा वेग नुसता पीडब्ल्यूएमने (वीज तोडून तोडून देऊन) खाली आणला तर जोर उरत नाही. त्यासाठी 60 दातांची वेगळी पुली ठेवली आहे.

डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून पाहिलं तर ड्रिल 0.04 मिमी आउट मारत होतं, म्हणजे फिरताना तेवढं डोलत होतं. बेअरिंगवर संशय घेऊन दोन दिवस घालवले. शेवटी कोलेट बदलली आणि आउट 0.01 वर आला. आता मी आधी कोलेट तपासतो.

युनिट तयार झालं तेव्हा वाटलं, मोठं काम संपलं. शेजारचे काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं होते. त्यांना कौतुकाने दाखवायला घेऊन आलो. त्यांनी ड्रिलकडे पाहिलंसुद्धा नाही. चकाला हात घातला आणि हलवून बघितला.

“हा कशाने धरलायस?”

“पट्ट्यावर स्टेपर आहे ना काका, तो होल्ड करतो.”

“डायल लाव.”

चकात धरलेल्या फ्लँजच्या कडेला, 40 मिमी त्रिज्येवर डायल लावली. त्यांनी दोन बोटांनी चक दाबला. काटा 0.3 पर्यंत गेला आणि परत आला. “ड्रिल राहू दे बाजूला. आधी हा हलायचा थांबव,” म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

त्यांचं म्हणणं खरं होतं, हे पहिल्याच आडव्या होलला कळलं. ड्रिलचं टोक गोल पृष्ठभागावर टेकतं, त्याला उताराकडे घसरायचं असतं, आणि पट्टा ताणला जाऊन जॉबही त्याच्याबरोबर जरासा वळतो. होल पडतं, पण पाहिजे तिथे नाही. स्टेपरची ताकद कमी नव्हती, पट्ट्यातला लवचीकपणा आड येत होता.

मग इंडेक्स प्लेट केली. भोसरीत लेझर कटिंग करणाऱ्याकडून 5 मिमी जाड, 150 मिमी व्यासाची लोखंडी चकती कापून आणली, कडेला 24 खाचा. ही चकाच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला घट्ट बसवली. खाचेत शिरणारी पिन सरळ केली असती तर तिला शिरायला जागा सोडावी लागली असती आणि तेवढा खेळ चकात उतरला असता. म्हणून खाचा व्ही आकाराच्या ठेवल्या आणि पिनेचं टोक पाचरीसारखं निमुळतं केलं. स्प्रिंगने पिन आत दाबली जाते आणि दोन्ही बाजूंनी बसते. लेझरने कापलेल्या कडा खरखरीत असतात, चोवीसही खाचा बारीक कानशीने हाताने साफ केल्या. परत डायल लावली, परत दोन बोटांनी दाबलं. काटा 0.01 हलला. त्या दिवशी काकांनी चहा घेतला.

चोवीस खाचा म्हणजे 15 अंशांची एक पायरी. सहा होलला चार खाचा, तीन होलला आठ, चार होलला सहा. दर चौथ्या खाचेवर लाल ठिपका दिला आहे, मोजण्यात चूक होत नाही. प्रोग्राम प्रत्येक होलनंतर एम0 वर (थांबण्याच्या आज्ञेवर) थांबतो, मी पिन ओढतो, चक हाताने फिरवतो, पिन सोडतो, सायकल स्टार्ट दाबतो. हात चकाजवळ जाण्याआधी ड्रिलची मोटर बंद झालेली असते, ती ओळ प्रोग्राममध्ये एम0 च्या आधीच आहे.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. पिन खाचेत असताना एकदा मी मेन स्पिंडल सुरू केला. सवयीने एम3 (इथे स्क्रू नाही, स्पिंडल फिरवायची आज्ञा) टाइप केलं, एंटर दाबलं. मोठा आवाज झाला, पट्ट्याचा जळका वास आला, पिन वाकली आणि एक खाच फुगली. मला काही झालं नाही, पण मोठ्या मोटरचा लेथ असता तर पिनेचा तुकडा कुठे गेला असता सांगता येत नाही. त्याच रात्री मशीन बंद करून इंटरलॉक केला. पिन पूर्ण बाहेर आल्यावरच दाबला जाणारा एक लिमिट स्विच लावला आणि त्याची वायर थेट व्हीएफडीच्या (मेन मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या) रन सिग्नलमधून नेली. वायर तुटली तरी मोटर चालू होत नाही. लिनक्ससीएनसीच्या हॅल फाइलमध्येही (मशीनच्या जोडण्या लिहिलेली फाइल) तीच अट घातली आहे, पण नुसत्या सॉफ्टवेअरवर मी हे सोडणार नाही. कुणी असं युनिट करणार असेल तर हा स्विच ड्रिलच्या मोटरच्याही आधी बसवा.

सॉफ्टवेअरच्या बाजूने फार झगडावं लागलं नाही. 2.8 आवृत्तीपासून लिनक्ससीएनसीत एकाहून जास्त स्पिंडल चालतात. ड्रिलसाठी एम3 च्या पुढे $1 लिहायचं. जी7 या आज्ञेमध्ये एक्स (आडवं अंतर) व्यासात मोजला जातो, म्हणून 40 पीसीडीसाठी एक्स 40 लिहिलं की झालं. पेक ड्रिलिंगच्या (थोडं थोडं आत जाऊन मागे येत होल मारण्याच्या) जी83 ला झेड दिशेत, म्हणजे लेथच्या लांबीत, चालवायचं तर आधी जी17 द्यावं लागतं. एका संध्याकाळी मात्र ड्रिल फिरतंय आणि स्लाइड जागची हलत नाही, असं झालं. वायरिंग सगळं तपासून झालं. मग लक्षात आलं, की टर्निंगचं जी95 तसंच राहिलं होतं. त्यात फीड (स्लाइड सरकण्याचा वेग) मेन स्पिंडलच्या फेऱ्यांवर चालतो, आणि मेन स्पिंडल तर पिनेने अडकवलेला! मिनिटावर चालणारा फीड देणारं जी94 लिहिलं आणि स्लाइड चालू लागली. आणखी एक: मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांमुळे लिमिट स्विच उगाच ट्रिप व्हायचे. मोटरच्या टर्मिनलवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शील्डेड केबल लावल्यावर ते थांबलं.

पुढचं युनिट आडव्या होलचं, म्हणजे जॉबच्या बाजूने आत जाणारं. त्याच्या ब्लॉकचंही बोअरिंग तसंच जागेवर केलं आणि मग ब्लॉक 90 अंशांत वळवून बसवला. तळ तोच, तेव्हा हाइट आपोआप यायला हवी. एका शाफ्टमध्ये 3 मिमीच्या पिनेसाठी आरपार होल मारायचं होतं. अर्धं एका बाजूने मारलं, चक बारा खाचा फिरवून अर्धं दुसऱ्या बाजूने. पिन मधेच अडली. शाफ्ट कापून बघितला तर मधोमध स्पष्ट पायरी होती.

हाइट चुकली की आडव्या होलमध्ये ती दुप्पट दिसते, कारण जॉब अर्धा फिरला की चूक विरुद्ध बाजूला जाते. पीसीडीच्या होलना हा त्रास जवळजवळ नसतोच. तिथे हाइट 0.1 ने चुकली तर सगळी होल एकत्र किंचित फिरतात, आणि 20 मिमी त्रिज्येवर त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढीही वाढत नाही. म्हणून पहिल्या युनिटवर मला काही जाणवलं नव्हतं.

मोजायला सोपी पद्धत सापडली. चकात एक बार जागेवरच बरोबर 6 मिमीला टर्न केला, ड्रिलच्या कोलेटमध्ये 6 मिमीची डॉवेल पिन (अचूक मापाची गोल पिन) धरली आणि एकाच स्टँडवरची डायल दोघांच्या माथ्यावरून नेली. ड्रिल 0.14 खाली होतं. कारण आठवायला वेळ लागला नाही: बोअरिंगनंतर ब्लॉक डुगडुगतो म्हणून मीच त्याचा तळ कानस आणि पॉलिश पेपरने घासला होता. 0.10 आणि 0.05 च्या शिम पट्ट्या (पातळ पत्र्याचे तुकडे) खाली सारल्या, डायल 0.01 वर दाखवू लागली. पुढच्या शाफ्टमधून पिन बोटाने ढकलली तशी आरपार गेली.

ड्रिलबद्दल एवढंच, की लांब ड्रिल वापरू नका. नेहमीचं 3.3 चं ड्रिल 65 मिमी लांब असतं, आखूड शरीराचं 49 मिमी. आधी 90 अंशांच्या स्पॉट ड्रिलने (जागा धरून देणाऱ्या ताठ ड्रिलने) टिंब, मग आखूड ड्रिल. गोल पृष्ठभागावर तर याला पर्याय नाही.

गेल्या महिन्यात आयपीसचा कॉलर एकाच पकडीत पूर्ण केला. बाहेरचा व्यास, बोअर, पुढच्या तोंडावर सहा होल, बाजूने 120 अंशांवर तीन होल, त्यात एम4 चे आटे. फ्लँजवर ठेवला, सहाही स्क्रू बोटांनीच फिरवून बसले. होल 3.2 चीच होती.

आता अडलंय ते पाच होलच्या रिंगेपाशी. 72 अंश 24 खाचांत बसत नाहीत. 60 खाचा केल्या तर पाच होल जमतात पण आठ जात नाहीत, आणि दोन्ही जमायला 120 खाचा लागतात. 150 मिमीच्या चकतीवर त्या जेमतेम 4 मिमी अंतराने येतील आणि पिनेचं टोक फारच बारीक होईल. काकांचं मत, एकाच स्पिंडलवर 24 ची आणि 60 ची अशा दोन चकत्या शेजारी लाव आणि पिन सरकती कर. 60 ची चकती भोसरीला कापायला टाकली आहे.